पऱ्हाटीच्या कोळशावर निळा रंग आला, पण तो अमोनिया आला कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, महाविद्यालयात एम.एस्सी.चा प्रकल्प चालू आहे. पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या खोडांचा) कोळसा करून त्यात युरिया मिसळला, ८०० अंश सेल्सिअसला तापवून नायट्रोजनयुक्त कार्बन केला आणि कार्बन पेपरवर त्याचा लेप दिला. मग ०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्लात नायट्रोजन वायू सोडत दोन तास वीज दिली. इंडोफिनॉल चाचणीत निळा रंग आला आणि हिशेबाने साधारण १० मायक्रोग्रॅम अमोनिया भरला. आता हा अमोनिया वायूतल्या नायट्रोजनपासून झाला असे प्रबंधात लिहायचे का? आणि याच रीतीने शेतावर सोलर लावून खत करता येईल का?

पहिल्याचे उत्तर: आत्ता लिहू नका. द्रावणात अमोनिया आहे, एवढेच निळ्या रंगावरून कळते. तो आला कुठून, हे रंग सांगत नाही. तुमच्या बाबतीत संशयाची पहिली जागा म्हणजे स्वतः उत्प्रेरकच. युरिया घालून तापवलेल्या कार्बनमध्ये ५ टक्के नायट्रोजन सहज असतो. एका इलेक्ट्रोडवर तुम्ही ०.५ मिलिग्रॅम माल लावता, म्हणजे त्यात २५ मायक्रोग्रॅम नायट्रोजन झाला. तो सगळा अमोनियात गेला तर ३० मायक्रोग्रॅम भरतो. तुम्हाला मिळाले १०. म्हणजे कोळशातला एक तृतीयांश नायट्रोजन सुटला तरी तुमचा सगळा निकाल तेवढ्यात बसतो, वायूची गरजच पडत नाही. ऋण विभवाखाली (पोटेन्शियलखाली) कार्बनच्या कडेचा नायट्रोजन निघून अमोनिया होऊ शकतो, म्हणून ही शंका नुसती कागदावरची नाही.

हे काम इतके अवघड का, ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढची काटेकोरपणाची मागणी जाचक वाटणार नाही. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. पाण्यात हा वायू विरघळतोही फार कमी, २५ अंशांना लिटरमागे ०.६५ मिलिमोलच्या आसपास. तुमच्या आम्लात हायड्रोजन आयन त्याच्या जवळजवळ शंभरपट आहेत, आणि हायड्रोजन वायू सुटण्याचे विभव व अमोनिया होण्याचे विभव जवळजवळ शेजारी आहेत. एका नायट्रोजन रेणूला सहा इलेक्ट्रॉन आणि सहा प्रोटॉन क्रमाने मिळायला हवेत, तर हायड्रोजनला दोन इलेक्ट्रॉनमध्ये काम भागते. त्यामुळे दिलेली बहुतेक वीज हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यातच जाते. त्यात आपल्याकडे मे महिन्यात खोलीचे तापमान ४२ ते ४५ अंशांवर गेले की नायट्रोजनची विद्राव्यता आणखी साधारण २० टक्क्यांनी उतरते. पात्राभोवती पाणी फिरवून २५ अंश राखता आले तर उत्तम, नाहीतर निदान तापमान नोंदवा.

कार्बनकडे वळण्याचे कारण चांगले आहे. धातूंच्या मानाने कार्बनवर हायड्रोजन सावकाश सुटतो, पृष्ठभाग मोठा मिळतो आणि कच्चा माल धुऱ्यावर पडलेला असतो. पण नायट्रोजन मोजायच्या प्रयोगात नायट्रोजनच घातलेला कार्बन घेऊ नका. त्याऐवजी बोरॉन घाला. कार्बनच्या जाळ्यात बसलेल्या बोरॉनला एक इलेक्ट्रॉन कमी असतो, त्याची रिकामी कक्षा नायट्रोजनच्या रेणूतली इलेक्ट्रॉन जोडी ओढून घेऊ शकते. त्यात आम्ल माध्यमात बोरॉनची जागा प्रोटॉनला फारशी आकर्षक नसते, हाही फायदा. बोरिक अ‍ॅसिड स्वस्त आहे. कॅरमच्या पावडरीतही तेच असते, पण प्रयोगाला अभिकर्मक दर्जाचेच घ्या.

कृती अशी ठेवा. पऱ्हाटीची साल काढा, कारण माती आणि फवारणीचे अवशेष सालीवर जास्त असतात. तुकडे करून ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, १०५ अंशांना रात्रभर वाळवा, दळून चाळा. नळीच्या भट्टीत आर्गॉनखाली मिनिटाला ५ अंश या वेगाने ५०० अंशांपर्यंत न्या आणि दोन तास ठेवा. शंभर ग्रॅम पऱ्हाटीतून पंचवीस-तीस ग्रॅम कोळसा मिळतो. तो १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळत ठेवून राखेतले पोटॅशियम, कॅल्शियम आणि लोह काढा. लोह राहिले तर हायड्रोजन जास्त सुटतो आणि कार्बनचा गुण कोणता, लोहाचा कोणता, हे ठरवता येत नाही. भंडारा-गोंदियाकडचे कोणी हाच प्रयोग धानाच्या तुसावर करणार असेल तर त्यात सिलिका भरपूर असते, ती गरम सोडियम हायड्रॉक्साइडने काढावी लागते. पऱ्हाटीला ती कटकट नाही.

सच्छिद्रता वाढवायला कोळशाच्या तिप्पट वजनाचे पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ७५० अंशांना एक तास. इथे दोन गोष्टी बिघडतात. अ‍ॅल्युमिनाची किंवा क्वार्ट्झची नाव (भट्टीत ठेवायची लांबट वाटी) हे हायड्रॉक्साइड खाऊन टाकते, म्हणून निकेलची मूस घ्या. दुसरे, या तापमानाला थोडा धातुरूप पोटॅशियम तयार होतो आणि नळीच्या थंड टोकाला जाऊन बसतो. भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत आर्गॉन बंद करू नका. उघडल्यावर एकदम पाणी ओतू नका, आधी थोडे अल्कोहोल घालून मग थेंबाथेंबाने पाणी घाला, जवळ ज्योत नको आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. मग आम्लाने आणि पाण्याने सामू ७ येईपर्यंत धुवा.

त्यातला १ ग्रॅम कोळसा आणि ५ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड गरम पाण्यात ढवळून आटवा आणि आर्गॉनखाली ९०० अंशांना दोन तास तापवा. भट्टीत स्वस्त म्हणून नायट्रोजन वापरू नका, पुढे तीच शंका पुन्हा उभी राहते. थंड झाल्यावर नावेत काचेसारखा थर दिसेल, तो बोरॉन ऑक्साइड. गार पाण्यात तो नीट सुटत नाही. ८० अंशांच्या पाण्यात तीन-चारदा ढवळून काढा, नाहीतर तोच छिद्रे बुजवून बसतो. शेवटी मूलद्रव्य विश्लेषण करून राहिलेला नायट्रोजन किती ते पाहा. पऱ्हाटीत मुळातच थोडा असतो, तेव्हा शून्य येणार नाही, पण आकडा हातात हवा. तुलनेसाठी बोरिक अ‍ॅसिड न घालता तसाच तापवलेला कोळसाही बाजूला ठेवा.

इलेक्ट्रोडसाठी ५ मिलिग्रॅम उत्प्रेरक, ४८० मायक्रोलिटर पाणी, ४८० मायक्रोलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ५ टक्के नॅफिऑनचे (लेप धरून ठेवणाऱ्या बहुलकाचे) ४० मायक्रोलिटर एकत्र करून अर्धा तास अल्ट्रासॉनिक स्नानात ठेवा. १ चौरस सेंटीमीटर कार्बन पेपरवर यातले १०० मायक्रोलिटर चार-पाच वेळा थोडे थोडे सोडून वाळवा, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम बसेल. एकदम ओतले तर कडेला जाड वर्तुळ होते आणि बुडबुडे सुटताना तिथलीच खपली निघते.

पात्र दोन कप्प्यांचे हवे, मध्ये नॅफिऑनचा पडदा. अ‍ॅनोडला प्लॅटिनम टाळा. ते किंचित विरघळून कॅथोडवर बसते आणि काही तासांत हायड्रोजनच जास्त सुटू लागतो. ग्रॅफाइटची कांडी पुरते. हायड्रोक्लोरिक आम्लात अ‍ॅनोडवर क्लोरीन होतो आणि तो पलीकडे झिरपून अमोनिया खातो, म्हणून तुम्ही निवडलेले सल्फ्युरिक आम्लच योग्य. संपृक्त पोटॅशियम क्लोराइडच्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडवरचा आकडा प्रतिवर्ती हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मापात आणायला ०.१९७ आणि सामूच्या ०.०५९ पट मिळवा. तुमच्या आम्लाचा सामू १.२ धरला तर उणे ०.३ व्होल्टसाठी यंत्रावर उणे ०.५७ लावावे लागेल. कॅथोडच्या कप्प्यात ३० मिलिलिटर द्रावण, वायू मिनिटाला २० मिलिलिटर, वीज देण्यापूर्वी अर्धा तास नुसता वायू.

नॅफिऑनच्या पडद्याबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण तिथे पुष्कळ जण फसतात. हा पडदा धन आयन धरून ठेवतो आणि अमोनियम हा धन आयनच. एका प्रयोगातला अमोनिया पडद्यात अडकतो आणि पुढच्या प्रयोगात सुटतो. मग आर्गॉनमध्येही निळा रंग येतो आणि कारण कळत नाही. दर प्रयोगाआधी ५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ८० अंशांना एक तास, पाण्यात एक तास, ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात एक तास आणि पुन्हा पाण्यात, असा क्रम पाळा. वापरलेला पडदा ताज्या आम्लात दोन तास बुडवून त्या आम्लाची चाचणी करा. रंग आला तर धुणे अपुरे.

आता जागेचा प्रश्न, आणि विदर्भातल्या गावात तो शहरापेक्षा मोठा आहे. भिंतीपलीकडे गोठा असेल, जुलै-ऑगस्टमध्ये शेजारी युरियाची पोती उतरत असतील, मुतारी जवळ असेल, तर हवेतच अमोनिया आहे. उन्हाळ्यात डेझर्ट कूलर ती बाहेरची हवा ओलसर करून थेट टेबलावर सोडतो. आम्लाचे उघडे भांडे ती हवा शोषून घेते. एक साधी चाचणी करा: ०.०५ मोलर आम्लाचे ३० मिलिलिटर बीकरमध्ये घेऊन कूलरसमोर दोन तास उघडे ठेवा, तेवढेच झाकणबंद बाटलीत ठेवा, आणि दोन्हींना रंग आणा. उघड्या बीकरला निळसर छटा आली तर तुमचा किती अमोनिया खोलीतूनच येतो ते तिथल्या तिथे दिसेल. मग कूलर बंद, पात्र बंद, आणि फिनाइलने फरशी पुसण्याची वेळ प्रयोगानंतरची.

पाण्याचेही तेच. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ ही नावे आहेत. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि अनेक विहिरी ती ओलांडतात. नायट्रेटपासून अमोनिया होणे नायट्रोजन वायूपेक्षा खूप सोपे आहे. बोअरच्या पाण्याने धुतलेली काच, आरओचे पाणी, बॅटरीचे पाणी म्हणून मिळणारे कॅन, यातले काहीही चालणार नाही. दोनदा ऊर्ध्वपातित केलेले ताजे पाणी घ्या आणि दररोज त्याचाही कोरा नमुना तपासा. प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांवर नायट्रेटचे अवशेष असतात, त्यांनी इलेक्ट्रोड धरू नका, चिमटा वापरा.

सिलिंडरमध्येही गडबड असते. नायट्रोजनमध्ये दहा लाखांत १ भाग नायट्रिक ऑक्साइड असले, तर मिनिटाला २० मिलिलिटरने दोन तासांत २.४ लिटर वायू जातो आणि त्यातून १.७ मायक्रोग्रॅम अमोनिया होऊ शकतो. सहा भाग असले की तुमचे १० मायक्रोग्रॅम पुरे झाले. आणि आर्गॉनच्या चाचणीत हे सापडत नाही, कारण तो सिलिंडर वेगळा. म्हणून वायू आधी क्षारीय पोटॅशियम परमँगनेटच्या बाटलीतून, मग ०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्लातून, मग पाण्यातून नेऊन पात्रात सोडा. परमँगनेटचा जांभळा रंग हिरवट किंवा तपकिरी झाला की बदला.

मोजणी: २ मिलिलिटर नमुना, त्यात १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये केलेले ५ टक्के सॅलिसिलिक आम्ल व ५ टक्के सोडियम सायट्रेट यांचे २ मिलिलिटर, ०.०५ मोलर सोडियम हायपोक्लोराइट १ मिलिलिटर, १ टक्का सोडियम नायट्रोप्रुसाइड ०.२ मिलिलिटर. दोन तास अंधारात ठेवून ६५५ नॅनोमीटरला वाचा. प्रमाण द्रावणे पाण्यात नव्हे, त्याच आम्लात करा, ० ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि त्याच दिवशी, त्याच तापमानाला. हायपोक्लोराइट उन्हाळ्यात लवकर मरते. मार्चमधली बाटली मेमध्ये वापरली तर रंग फिका येतो आणि अमोनिया कमी भरतो. फ्रीजमध्ये ठेवा आणि अनुमापन करून ताकद तपासा. नायट्रोप्रुसाइड तपकिरी बाटलीत, आठवड्याला नवे.

कार्बनच्या बाबतीत एक खास चूक होते. लेपातून सुटलेले बारीक कण द्रावणात तरंगतात, प्रकाश विखुरतात आणि यंत्र जास्त शोषण दाखवते. एकाच तरंगलांबीवर आकडा वाचू नका, ५०० ते ८०० पूर्ण आलेख काढा. ६५५ ला नीट उंचवटा हवा. सगळा आलेखच तिरका वर उचलला असेल तर तो कोळसा आहे, अमोनिया नव्हे. ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळा, पण नायट्रोसेल्युलोजची गाळणी घेऊ नका.

आता नियंत्रण प्रयोग. विजेशिवाय नायट्रोजन, त्याच विभवाला आर्गॉन, आणि लेप नसलेल्या कार्बन पेपरवर नायट्रोजन, हे तिन्ही प्रत्येकी किमान तीनदा. क्रमाला फार महत्त्व आहे. आधी नायट्रोजन आणि नंतर त्याच इलेक्ट्रोडवर आर्गॉन घेतले, तर कोळशातला सुटा अमोनिया पहिल्याच फेरीत निघून जातो, दुसरी फेरी स्वच्छ येते आणि दोहोंतला फरक नायट्रोजनचा गुण वाटतो. म्हणून नवा इलेक्ट्रोड आधी आर्गॉनखाली त्याच विभवाला दोन तास चालवा, ते द्रावण मोजून फेका, मग आर्गॉन, नायट्रोजन, आर्गॉन, नायट्रोजन अशा आलटून पालटून फेऱ्या घ्या. फेरी चालू असताना वीज गेली तर ती फेरी रद्द, यूपीएसशिवाय सुरूच करू नका.

मग वेळेचा आलेख काढा: १, २, ४, ८ तास. पहिल्या तासात सगळा अमोनिया आला आणि पुढे रेषा आडवी झाली, तर तो गळतीचा. सरळ चढत गेली आणि एकूण अमोनिया कोळशातल्या नायट्रोजनच्या कित्येक पट झाला, तर आशेला जागा आहे. तरीही अंतिम पुरावा नायट्रोजन-१५ या समस्थानिकाचाच. त्या वायूपासून झालेला अमोनियम प्रोटॉन एनएमआरमध्ये (चुंबकीय अनुनादाच्या चाचणीत) सुमारे ७३ हर्ट्झ अंतराच्या दोन रेषा देतो, नेहमीचा अमोनियम ५२ हर्ट्झ अंतराच्या तीन. वायू महाग आहे, बंद चक्रात लहान पंपाने फिरवा. तो वायूही आधी वरच्या बाटल्यांतून धुवा, कारण त्यातही त्याच समस्थानिकाचा अमोनिया आणि ऑक्साइडे मिसळलेली आढळली आहेत. एनएमआर जवळ नसेल तर नमुना आम्लयुक्त करून, आटवून, बंद कुपीत नागपूरला किंवा पुण्याला पाठवता येतो. त्यातला अमोनिया इंडोफिनॉलच्या आकड्याशी जुळला पाहिजे, नुसत्या दोन रेषा दिसणे पुरेसे नाही.

२०१९ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह ‘नेचर’मध्ये हीच काटेकोर पद्धत मांडली. त्यांनी तपासलेल्यांपैकी नायट्रोजनपासून अमोनिया खात्रीने सिद्ध झाला तो सेंद्रिय द्रावकात लिथियम धातू बसवून करण्याच्या रीतीत. पाण्यातल्या कार्बन उत्प्रेरकांच्या अनेक दाव्यांकडे त्यानंतर साशंक नजरेने पाहिले जाते. लिथियमची रीत मात्र कोरड्या बंद पेटीशिवाय होत नाही आणि विभवही मोठे लागते.

शेतावरच्या खताबद्दल तुमचेच आकडे मांडतो. विद्युतप्रवाह ०.५ मिलिअँपिअर, दोन तास, म्हणजे ३.६ कूलोंब. १०.६ मायक्रोग्रॅम अमोनियाला ०.१८ कूलोंब लागतात, म्हणून फॅराडे कार्यक्षमता (दिलेल्या विजेतला अमोनियात गेलेला वाटा) ५ टक्के. हा सगळा अमोनिया खरा मानू. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नायट्रोजन, म्हणजे सुमारे २५ किलो अमोनिया. १ चौरस मीटरचा इलेक्ट्रोड तासाला ५३ मिलिग्रॅम देईल. एका पोत्याइतक्या अमोनियाला तो रात्रंदिवस ५४ वर्षे चालवावा लागेल आणि पात्राचा विद्युतदाब २ व्होल्ट धरला तर सुमारे ४,७०० युनिट वीज जाईल. पाण्यापासून हायड्रोजन काढून तो हेबर-बॉश पद्धतीने अमोनियात बदलला तर किलोला १० युनिटच्या आसपास, म्हणजे पोत्याला अडीचशे. म्हणून शेतकऱ्याला आज यातले काही विकत घ्यायला सांगू नका. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम लावणे हा हवेतला नायट्रोजन जमिनीत आणण्याचा त्याच्या हातातला मार्ग आहे. विहिरीतल्या नायट्रेटचा अमोनिया करण्याची कल्पनाही अनेकांना सुचते. पण पीक नायट्रेट तसेच घेते, ते पाणी ओलिताला वापरून खताच्या हिशेबातून तेवढा नायट्रोजन वजा केला की झाले. वीज खर्चून नायट्रेट बदलण्यात अर्थ आहे तो कारखान्याच्या सांडपाण्यात, जिथे ते ग्रॅमने असते.

तुमच्या प्रकल्पाला उरलेल्या वेळात युरियाचा कोळसा आणि बोरॉनचा कोळसा दोन्ही आर्गॉनखाली आणि नायट्रोजनखाली वरच्या क्रमाने चालवा. युरियाच्या कोळशातून आर्गॉनखाली तासागणिक किती अमोनिया सुटतो, एवढा एक आलेख नीट काढला तरी तो प्रबंधात ठेवण्याजोगा निकाल आहे. बोरॉनच्या कोळशावर दोन्ही वायूंचे आकडे मोजणीतल्या त्रुटीच्या मर्यादेत सारखे आले तर तसेच लिहा: कोरा नमुना इतका, आर्गॉन इतका, नायट्रोजन इतका, प्रत्येकी किती फेऱ्या आणि किती विचलन.